ओल्या लाकडावर पांढरा रंग

मी एक जुनं लाकडी कुंपण आहे. माझं वय साडेतीन वर्षं. साडेतीन वर्षांच्या वस्तूने स्वतःला जुनं म्हणवून घेणं तुम्हाला जरा नाटकी वाटेल. पण मित्रांनो, ही साडेतीन वर्षं मी टिटवाळ्यात उघड्यावर काढली आहेत आणि त्यांत चार पावसाळे येऊन गेले. लाकडाचं वय पावसाळ्यांत मोजायचं असतं. त्या मानाने मी केव्हाच सेवानिवृत्त झालो. सेवा झाली का, हे विचारू नका.

आत्मवृत्त सांगणाऱ्या वस्तू सहसा आपला मान सांगतात. खुर्ची सांगते, तिच्यावर कोण कोण बसलं. घड्याळ सांगतं, त्याच्यामुळे किती जण वेळेवर पोचले. माझ्याकडे तसलं काही नाही. मी सध्या पाण्याच्या टाकीमागे ढिगात पालथा पडलेलो आहे आणि ते मला बरं वाटतं. पालथं पडलं की कोणाच्या नजरेला नजर द्यावी लागत नाही.

माझा जन्म परदेशात झाला. ही गोष्ट मी पहिली दोन वर्षं मनातल्या मनात फार मिरवली. थंड देशातलं देवदारासारखं हलकं लाकूड, वगैरे. पण खरं सांगायचं तर मी इथे आलो तो खोका म्हणून. माझ्या पोटात एक यंत्र होतं. यंत्र कारखान्यात गेलं, मी भिवंडीच्या एका गोदामाबाहेर पडलो. तिथून एका दुकानदाराने मला उचललं, रंधा मारला, प्रत्येक फळीला वर टोक काढलं, पांढरा रंग फवारला आणि पाटी लावली: 'युरोपियन गार्डन फेन्स'. एका फळीवर छत्रीचा शिक्का होता. छत्री आणि वर पावसाचे थेंब. जगभरातल्या खोक्यांवर तो असतो आणि त्याचा अर्थ एकच: याला भिजू देऊ नका. रंधा मारूनही शिक्का गेला नाही, म्हणून ती फळी मागच्या बाजूला वळवली.

मला निवडलं सलिलने. सलिल घोडबंदर रोडला सत्ताविसाव्या मजल्यावर राहतो. इतक्या उंचावर कुंपणाचा प्रश्न येत नाही, त्यामुळे त्याचा अनुभव कमी होता. कुंपण हवं होतं त्याच्या आईवडिलांच्या टिटवाळ्यातल्या घराला. वडील म्हणजे आनंदकाका, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. आई म्हणजे मंदाकिनीकाकू. दोघं डोंबिवलीची जागा सोडून इथे मोकळ्या हवेत राहायला आली आणि वर्षभरात आनंदकाकांचा विसराळूपणा वाढत गेला. आधी चष्मा, मग नावं, मग आपण कुठे आहोत तेच. घराच्या मागे उतार आहे आणि उताराखाली ओढा. मी येण्याच्या आदल्या पावसाळ्यात आनंदकाका त्या ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभे सापडले होते. पलीकडे डोंबिवली आहे, पाच मिनिटांत घरी पोचतो, असं ते शांतपणे सांगत होते.

तेव्हा मित्रांनो, माझं काम अगदी सोपं होतं. एका माणसाला ओढ्याकडे जाऊ द्यायचं नाही. एवढंच.

कुंपण कशाचं करायचं यावर मागच्या अंगणात बैठक झाली. मी तिला हजर नव्हतो, पण मंदाकिनीकाकू ती दर पावसाळ्यात सलिलला फोनवर शब्दशः ऐकवत, त्यामुळे मला पाठ आहे. बैठकीला शेजारच्या गावचे मारुतीभाऊ होते. त्यांची जमीन घराला लागून आहे आणि कुंपणं घालण्यात त्यांचा जन्म गेला आहे.

"काकू, हितं पानी चार मयनं हलत नाय," मारुतीभाऊ म्हणाले. "शिमिटाचं खांब टाका न् गॅल्वनाईजची जाली. साधं लोखंड घ्याल तर दर दिवालीला रंग, इसरलात का गंजला. बांबू दोन पावसं काढल. लाकूरच पायजे तर साग घ्या न् पायथ्याला डांबर फासा. न् फुकाटचा पायजे तर माझे कुंपणाच्या निरगुरीच्या काठ्या खोचतो. त्या पावसान कुजाच्या सोरून फुटतान."

"जाळीच घालू या," काकू म्हणाल्या.

"आई, जाळी म्हणजे पोल्ट्री वाटेल," सलिल म्हणाला. "बाबांना आत कोंडून ठेवलंय असं दिसेल."

"मग दुसरं काय करतोय आपण? कोंडायचंच आहे त्यांना."

"हो, पण तसं दिसायला नको ना. लोक विचारतात."

मग त्याने मोबाइलवर फोटो दाखवला. हिरवळ, पांढरं टोकदार कुंपण, पुढे सोनेरी कुत्रा. मारुतीभाऊंनी फोन हातात घेऊन बराच वेळ पाहिलं.

"साहेब, हितं पाऊस किती परतं?"

"कुठे?"

"या फोटून."

काकू हसल्या. सलिल हसला नाही. पुढच्या रविवारी तो दुकानात आला, माझ्यावरून हात फिरवला आणि मागची फळी पाहून म्हणाला, "हे छत्रीचं काय आहे?"

"सर, वॉटरप्रूफ," दुकानदार म्हणाला.

"ओके."

एवढ्या मुलाखतीवर माझी नेमणूक झाली.

चैत्रात मला उभं केलं. खड्डे खणले, खांब ठेवले आणि प्रत्येक खांबाच्या पायाशी सिमेंटचा गोल कट्टा बांधला. भक्कम दिसतो तो. प्रत्यक्षात ती वाटी असते. पावसाचं पाणी तिच्यात साठतं आणि खांब त्यात पाय बुडवून बसतो. मारुतीभाऊंनी डांबराचा डबा आणला होता. सलिल म्हणाला, काळे डाग वर दिसतील. डबा परत गेला.

दिसायला मी चांगला होतो, हे खोटं सांगत नाही. येणारेजाणारे थांबत. कोपऱ्यावरच्या बाई माझ्यापुढे उभं राहून नातवाचे फोटो काढून गेल्या. "सलिलने केलं वाटतं? बाहेरचं आहे का?" लोक विचारत. आणि कुंपण कशासाठी, असं कोणी विचारलंच तर घरातलं उत्तर ठरलेलं होतं: असंच, शोभा म्हणून. आनंदकाका हल्ली नीट बोलत का नाहीत, याचंही उत्तर ठरलेलं होतं: ऐकू कमी येतं त्यांना.

त्याचा परिणाम असा झाला की सगळे शेजारी आनंदकाकांशी ओरडून बोलायला लागले. काकांचे कान शाबूत होते. ते ओरडणाऱ्याकडे दयेने पाहत आणि घरी येऊन म्हणत, "मंदा, इथे सगळ्यांनाच ऐकू कमी येतं गं. पाणी बघायला पाहिजे."

रोज संध्याकाळी ते माझ्या कडेने चालत. एक तळहात माझ्या फळ्यांवरून फिरत जाई, टक टक टक. टोकाला पोचले की शेवटचा खांब धरून हलवून बघत आणि म्हणत, "भक्कम आहे." टेलिफोनचे खांब तपासायची सवय असावी. नावं विसरले होते, पण खांब हलवून बघायचा हे विसरले नव्हते.

पहिल्या वर्षी ते खरं होतं.

पहिल्या पावसाळ्यात मी पाणी प्यायलो. दुसऱ्या पावसाळ्यात माझ्या पायाशी अळंबी उगवली. मी तेव्हाही स्वतःची समजूत घातली, की निसर्गाशी नातं जुळतंय. आणि मग श्रावण संपत आला, तशी घरात गणपतीची धावपळ सुरू झाली, आणि रंगारी आला.

मित्रांनो, आपल्याकडे घराला रंग गणपतीच्या आधी लागतो. आणि गणपतीच्या आधी म्हणजे भर पावसात. भिंती ओल्या, दारं फुगलेली, कपडे वाळत नाहीत, आणि त्याच दिवसांत सगळ्या घराला ऑइलपेंट. लाकडात शिरलेलं पाणी उन्हाची वाट पाहत असतं, आणि त्याच्या तोंडावर आपण रंगाचं झाकण बसवतो. मग ते पाणी आतच राहतं. त्याला दुसरं काम नसतं.

रंगाऱ्याचं नाव दिपेश. तो ब्रश फिरवत होता आणि मारुतीभाऊ पलीकडून बघत होते.

"अरं दिपेश, वल्यावर रंग मारतस? आतल्या आत सरल ना तो."

"मामा, परवा गणपती. मी काय ऊन घेऊन येऊ?"

"गणपती झाल्यावर मार."

"गणपती झाल्यावर बघणार कोण?"

मारुतीभाऊ मान हलवत आपल्या शेताकडे वळले.

तिसऱ्या वर्षी पुन्हा तेच. चौथ्या वर्षी खांबांचे पाय पोकळ झाले होते. बोट घातलं तर आत जाई. दिपेशने बोट घातलं, बाहेर काढलं, पँटला पुसलं आणि लांबीचा डबा उघडला. भिंतीची भोकं बुजवायची ती लांबी. एक डबा संपला, दुसरा उघडला. "काकू," त्याने हाक मारली, "या खांबात आता लाकडापेक्षा लांबी जास्त झालीय बरं का!" काकू उकडीच्या पिठाच्या गडबडीत होत्या. त्यांना वाटलं, मुलगा थट्टेखोर आहे. "बरं बरं, चहा घेऊन जा," त्या म्हणाल्या.

वर पांढरा रंग बसला आणि मी पुन्हा फोटोतल्यासारखा दिसायला लागलो.

आता जे सांगायचं ते मला जड जातं. तुम्ही म्हणाल, कुंपणाला कुठे बोलता येतं? बरोबर आहे. पण लाकडाला करकरता येतं. खांब हलला की फळ्या कुरकुरतात, खिळे वाजतात, आणि टेलिफोन खात्यात जन्म काढलेल्या माणसाला तो आवाज बरोबर कळला असता. त्या संध्याकाळीही आनंदकाका आले, खांब धरला, हलवला. आणि मी अंग आवळून उभा राहिलो. जराही वाजलो नाही. "भक्कम आहे," ते म्हणाले. ते ऐकण्यासाठी मी तसा उभा राहिलो, मित्रांनो. रंग नवाकोरा होता, मी छान दिसत होतो, आणि ऐकायची सवय झाली होती.

गणपतीच्या दिवशी घरात तीसएक माणसं. पुढच्या दाराशी चपलांचा ढीग. मागचं दार एरवी कडी लावून बंद असे, त्या दिवशी भांडी घासायला बाहेर न्यायची म्हणून सताड उघडं. सकाळचे अकरा वाजले असतील. पूजा सांगताना गुरुजी म्हणाले, "दूर्वा थोड्या कमी दिसतात. असू दे, चालेल."

ते कोणीच मनावर घेतलं नाही. फक्त आनंदकाकांनी घेतलं. या कुटुंबात दूर्वा आणायचं काम पन्नास वर्षं त्यांचं होतं. ते उठले आणि मागच्या दाराने बाहेर आले. पायरीवर काकूंचे भाऊ फोनवर बोलत बसले होते. सगळे त्यांना मामा म्हणतात.

"काय आनंदराव! कुठे निघालात?" मामांनी ओरडून विचारलं.

"दूर्वा."

"वा, वा! आणा, आणा!" मामा म्हणाले आणि फोनवर परत गेले.

मामांचा यात काही दोष नाही. त्यांना कानाचं सांगितलं होतं. डोक्याचं कोणी सांगितलं नव्हतं.

अलीकडची हिरवळ सलिलने कात्रीने बारीक कापून घेतली होती. दूर्वा होत्या त्या पलीकडे, उतारावर, ओलीत, हातभर माजलेल्या. आनंदकाका माझ्यावर ओणवे झाले. पोट फळ्यांच्या टोकांवर, एक हात खांबावर, दुसरा पलीकडे खाली. पहिली जुडी हाताला लागली. ते अजून थोडे वाकले.

लाकूड मोडताना कडाड आवाज होतो, अशी तुमची समजूत असेल. चांगलं लाकूड मोडलं तर होतो. मी चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा मोडलो. तीन खांब एकापाठोपाठ एक, लांबीसकट. मी पुढे पडलो, ते माझ्यावर पडले, आणि आम्ही दोघं उतारावरून निघालो. खाली ओढा तांबड्या पाण्याने भरून धावत होता. त्यांनी एक फळी घट्ट धरली. काय विश्वासाने धरली होती! ती खिळ्यासकट सुटून त्यांच्या हातात आली.

त्यांना अडवलं मारुतीभाऊंच्या निरगुडीने. बाजूच्या जमिनीची ती हद्द ओढ्यापर्यंत उतरत गेली आहे. आडव्यातिडव्या, वेड्यावाकड्या काठ्या, कोणी कधी त्यांचा फोटो काढला नाही. चार पावसाळे पिऊन त्या मनगटाएवढ्या झाल्या होत्या. आनंदकाका पाण्यात गेले आणि तिथेच त्यांच्यात अडकले. मी मागून घसरत येऊन पाण्याच्या काठावर थांबलो.

कमरेपर्यंत पाण्यात असलेला तो माणूस हाका मारत होता. "मंदा! अगं मंदा!" घरात आरती सुरू झाली होती. झांजा, टाळ्या, घंटा. तीस माणसं, सगळ्यांचे कान उत्तम. एक आरती संपली, दुसरी लागली. पाणी त्यांच्या धोतराला ओढत होतं. तिसऱ्या आरतीत त्यांची हाक बारीक झाली. मी काठावर पालथा पडून हे ऐकत होतो. तेव्हा मला करकरायचं होतं, आणि माझ्यात करकरण्यापुरतंही लाकूड उरलं नव्हतं.

मारुतीभाऊ नारळ घेऊन दर्शनाला यायला निघाले होते, आपल्या शेताच्या बाजूने. त्यांनी हाक ऐकली. नारळ टाकला आणि निरगुडी धरत धरत खाली उतरले. त्याच वेळी वरच्या दारात आरतीचं तबक घेऊन क्षिप्रा आली. क्षिप्रा म्हणजे सलिलची बायको. आरती सगळ्यांना द्यायची असते, आणि एक माणूस सापडत नव्हतं.

"मामा, बाबा कुठेत?"

"मघाशी दूर्वा आणायला गेले की."

तिने माझी रिकामी जागा पाहिली. तबक खाली पडल्याचा आवाज मात्र घरातल्या गलक्यातही सगळ्यांना ऐकू गेला.

त्यांना वर आणलं. मनगट मोडलं होतं, गुडघे सोलवटले होते, दात वाजत होते. एका मुठीत दूर्वा होत्या. दुसऱ्या हातातली माझी फळी ते सोडायला तयार नव्हते.

अंगणात पाहुणे गोळा झाले. सलिलचा चेहरा पांढरा पडला होता, माझ्यापेक्षाही. तरी सवयीने तो म्हणाला, "पाय घसरला बाबांचा. शेवाळ फार झालंय."

"शेवाळ नाही," मंदाकिनीकाकू म्हणाल्या.

"आई, आत्ता नको."

"आत्ताच." त्या नवऱ्याला पंच्याने पुसत होत्या, मान वर न करता बोलत होत्या. "ह्यांना आठवत नाही. आपण कुठे आहोत ते कळत नाही ह्यांना. चार वर्षं झाली. कान चांगले आहेत. आम्ही खोटं सांगितलं तुम्हाला सगळ्यांना."

मामा पायरीवरच खाली बसले. "मंदा, मी बघितलं गं त्यांना जाताना. आणा आणा म्हटलं."

"तुला सांगितलंच नव्हतं रे."

मारुतीभाऊंनी माझा एक खांब उचलून आणला आणि अंगठ्याने दाबला. वरचं पांढरं कवच फुटलं, आतून काळा, ओला भुसा सांडला. त्यांनी तो सलिलच्या हातावर ठेवला. सलिलने मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली. माणसाला लाज वाटते तेव्हा त्याला हातांचं काय करायचं ते सुचत नाही. मला तर हातच नाहीत.

दिवाळीनंतर जमीन वाळली तेव्हा नवं कुंपण झालं. सिमेंटचे खांब, गॅल्वनाइजची जाळी, पायाशी पाणी साठू नये म्हणून खडी. जाळीलगत निरगुडीच्या काठ्या खोचल्या आहेत. पोल्ट्रीसारखं दिसतं, अगदी. सलिल स्वतः सुट्टी घेऊन आला होता आणि तारा ताणत होता. मारुतीभाऊंना त्याने विचारलं, "हे किती पावसाळे काढेल?" साडेतीन वर्षांत हा प्रश्न त्याने पहिल्यांदा विचारला.

मला जाळायलाही घेत नाहीत. रंगाचा वास येतो म्हणतात.

मित्रांनो, कुंपण निवडताना ते कुठे शोभतं हे नंतर बघा. आधी तिथे पाणी किती दिवस उभं राहतं ते बघा. खांबाच्या पायाशी वाटी बांधू नका. ओल्या लाकडावर रंग मारू नका, पाहुणे उद्या येणार असले तरी. आणि दर वैशाखात एकदा प्रत्येक खांबाच्या बुडाशी खिळा टोचून बघा. सहज आत गेला, तर रंगाचा डबा बंद करा आणि घरातल्या सगळ्यांना बोलावून सांगा. हे मी तुम्हाला शिकवतो आहे असं समजू नका. मला शिकवायचा हक्क नाही. मी फक्त विनंती करतो आहे, आणि माझी खरी विनंती याहून वेगळी आहे.

आनंदकाका रोज सकाळी फिरत फिरत टाकीमागे येतात. माझ्या ढिगापाशी थांबतात.

"मंदा, हे कोणी मोडलं?"

"पावसाने," काकू म्हणतात.

मग ते थोडा वेळ माझ्याकडे बघतात. प्लास्टर निघालं तरी न वळणाऱ्या आपल्या मनगटाकडे बघतात. त्या दिवसाचं त्यांना काही आठवत नाही, पण काहीतरी झालं होतं एवढं कुठेतरी राहिलेलं असावं. दुसऱ्याची वस्तू फोडलेलं मूल जसं बोलतं, तशा आवाजात ते विचारतात, "माझ्या हातून तर नाही ना मोडलं?"

"नाही हो."

"सलिलने हौसेने आणलं होतं. त्याला वाईट वाटेल."

आणि ते मान खाली घालून घरात जातात. दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात, पुन्हा ओशाळतात. ही लाज माझी आहे, मित्रांनो. ती त्यांच्याकडे चुकून गेली आहे आणि मला ती परत मागता येत नाही.

तुमच्यापैकी कोणी कधी या बाजूला आलात, तर एवढं करा. मागच्या अंगणात या, त्यांच्याजवळ बसा आणि सांगा, "काका, तुमच्या हातून काही मोडलं नाही. तुम्ही टेकलात ते चुकलं नाही. ते लाकूडच आधीपासून कुजलेलं होतं, आणि त्याने तुम्हाला कळू दिलं नाही."

ते ऐकतील, मान डोलावतील. उद्या सकाळपर्यंत विसरतील. तेव्हा शक्य झालं तर उद्याही या.